वरून ठणठणीत, आतून सुटलेलं: विमानाची न दिसणारी इजा ध्वनिलहरी कशा शोधतात?

6 मार्च 2005. क्युबातल्या वाराडेरोहून एअर ट्रान्झॅट कंपनीचं एअरबस ए310 विमान कॅनडातल्या क्वेबेक सिटीला निघालं. आत 262 प्रवासी आणि 9 कर्मचारी. विमान 35 हजार फुटांवर पोचलं आणि मागून धाडकन आवाज आला. पाठोपाठ विमान डावी-उजवीकडे डोलायला लागलं. वैमानिकांनी उंची कमी केली तसं डोलणं थांबलं आणि त्यांनी विमान परत वाराडेरोला आणून नीट उतरवलं. एका कर्मचाऱ्याच्या पाठीला किरकोळ दुखापत झाली. बाकी कुणालाही काही झालं नाही.

खाली उतरल्यावर शेपटीकडे बघितलं, तर रडर गायब! रडर म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाला मागून जोडलेला हलता भाग, एका अर्थी विमानाचं सुकाणू. त्याचा जवळपास सगळा भाग हवेतच तुटून पडला होता.

कॅनडाच्या ट्रान्स्पोर्टेशन सेफ्टी बोर्डाने तपास केला. निष्कर्ष असा निघाला की विमानाने उड्डाण केलं तेव्हाच रडरच्या आत इजा झालेली होती. हे रडर कंपोझिटचं होतं. दोन्ही बाजूंना फायबरचे पातळ पत्रे आणि मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा हलका गाभा. हा पत्रा कुठेतरी गाभ्यापासून सुटला होता, किंवा गाभाच आतून चिरला होता. उड्डाणात ती इजा वाढली आणि शेवटी रडरच गेलं. अहवालात आणखी एक गोष्ट होती: तपासणीची जी पद्धत ठरवून दिली होती, ती असे सगळे दोष पकडायला पुरेशी नव्हती. म्हणजे ही इजा कित्येक उड्डाणांपासून तिथे असू शकत होती आणि कुणाला पत्ता लागला नसता.

काय होती ही पद्धत? मुख्यतः डोळ्यांनी बघणं. आणि काही ठिकाणी ठोकून बघणं.

माठ घेताना आपण तेच करतो

बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने टकटक करतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. 'वाजवून घेणं' हा शब्दप्रयोग उगाच नाही आला. विमानांच्या जगातही हीच पद्धत आहे आणि तिचं नावही तितकंच साधं आहे: कॉइन टॅप टेस्ट. तंत्रज्ञ हातात नाणं किंवा छोटी हातोडी घेतो, पृष्ठभागावर टकटक करत पुढे सरकतो आणि आवाज कुठे बदलतो ते कान देऊन ऐकतो. पत्रा गाभ्यापासून सुटलेला असेल तर तिथे आवाज बद्द येतो.

हे ऐकून हसू येतं, पण पद्धत टाकाऊ नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे प्रा. पीटर कॉली यांनी 1980च्या दशकात या टकटकीमागचं यंत्रशास्त्र नीट मांडलं होतं. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.) अडचण अशी की माणूस दमतो, हँगरमध्ये आवाज असतो आणि जिथे ठोकलं तेवढ्याच जागेची माहिती मिळते. शिवाय दोष खोल असेल तर वरून आवाज फारसा बदलतही नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेडएक्सच्या एका ए300-600 विमानाच्या रडरला देखभालीदरम्यान मार लागला. दुरुस्तीसाठी ते तपासलं, तर त्या माराशी संबंध नसलेली वेगळीच गोष्ट सापडली. आतला पत्रा मोठ्या भागात गाभ्यापासून सुटला होता आणि तिथे हायड्रॉलिक तेल झिरपलेलं होतं. आकाशात बाहेरचा हवेचा दाब कमी-जास्त होतो. तसा दाब बदलून चाचणी केली तेव्हा सुटलेला भाग वाढत गेला. मार्च 2006 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्स्पोर्टेशन सेफ्टी बोर्डाने अशी रडर्स तातडीने तपासा अशी शिफारस केली. बाहेरून ठोकून आतल्या पत्र्याची खबर लागत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

कंपोझिट लपवतं, धातू सांगतो

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पाना पडला तर पोचा येतो. तो पोचाच सांगतो की इथे काहीतरी आदळलंय. कार्बन फायबरचं तसं नाही.

कार्बन फायबर कंपोझिट म्हणजे केसाहून बारीक कार्बनच्या तंतूंचे थर, एकावर एक वेगवेगळ्या दिशांनी रचलेले आणि इपॉक्सी रेझिनने चिकटवलेले. एकेक थर साधारण मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा जाड. असे 16 थर रचले की दोन मिलिमीटरचा पत्रा होतो. तंतूंच्या दिशेने तो जबरदस्त ताकदवान. पण दोन थरांना जोडून ठेवणारं असतं ते फक्त रेझिन.

आता यावर पाना पडला, गारा पडल्या किंवा धावपट्टीवरचा खडा उडून लागला, तर पत्रा क्षणभर वाकतो आणि परत सरळ होतो. वर जेमतेम ठिपका. आत मात्र थर एकमेकांपासून सुटलेले असतात, आणि गंमत म्हणजे नुकसान बऱ्याचदा आत जाताना पसरत जातं, म्हणजे मागच्या बाजूला जास्त. भाकरी फुगली की वरचा पापुद्रा सुटतो, तसं समजा. भाकरीचं ते कौतुक, इथे ती डोकेदुखी. इंजिनिअर याला डीलॅमिनेशन म्हणतात. आपण पापुद्रे सुटणं म्हणू. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचं प्लायवूड पावसाळ्यात ओल धरून उकलतं, ते बघितलं असेल तर हे वेगळं समजवायला नको.

पापुद्रे सुटले की पत्रा ओढून धरायला अजूनही बऱ्यापैकी बळकट असतो, पण दाबला तर लवकर मोडतो. पत्त्यांचा कॅट चिकटवलेला असेल तर तो उभा दाबता येतो, सुटे पत्ते वाकतात. तेच इथे.

आणि हा काही एखाद्या रडरपुरता विषय राहिलेला नाही. बोइंग 787च्या रचनेत वजनाने सुमारे 50 टक्के कंपोझिट आहे, एअरबस ए350 मध्ये त्याहून थोडं जास्त. एअर इंडियाकडे दोन्ही विमानं आहेत. 787च्या काही कंपोझिट फ्लोअर बीम तर आपल्या नागपुरात, मिहानमधल्या टाटांच्या कारखान्यात बनल्या आहेत. तेजस लढाऊ विमानाचा बाहेरचा बहुतेक पृष्ठभाग कार्बन कंपोझिटचा आहे. धुळे-साताऱ्याच्या पठारांवर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पातीही काचतंतूंच्या कंपोझिटचीच.

मग सोनोग्राफी का नाही करत?

करतात की. पोटाची सोनोग्राफी करताना जेल लावून प्रोब फिरवतात, तसंच पत्र्यावर प्रोब फिरवून आतल्या थरांचं चित्र काढता येतं. कारखान्यात नवा भाग तपासायला हीच पद्धत वापरतात आणि ती उत्तम आहे. पण प्रोबखाली जेवढी जागा आहे तेवढीच दिसते. विमानाचा अख्खा पंख असा इंच-इंच तपासायचा तर विमान जमिनीवर उभं ठेवावं लागतं, कधी आतलं सामान उचकटावं लागतं, आणि उभ्या विमानाचा प्रत्येक तास कंपनीला महाग पडतो.

म्हणून प्रश्न उलटा विचारला गेला. प्रोब सगळीकडे नेण्याऐवजी लहरच सगळीकडे पाठवली तर?

काडेपेटीचा टेलिफोन आणि 1917चा गणितज्ञ

लहानपणी काडेपेट्यांना दोरा बांधून टेलिफोन केला असेल. नुसत्या हवेत बोललेला आवाज चहूकडे पसरतो आणि विरतो. दोऱ्यातून गेलेला आवाज दोऱ्यातच राहतो, म्हणून लांबपर्यंत पोचतो. दोरा लहरीला वाट दाखवतो.

पातळ पत्राही हेच करतो. लहर वरच्या पृष्ठभागावर आपटते, परत खालच्यावर आपटते, आणि दोन्ही पृष्ठभागांच्या मध्ये कोंडली गेल्याने पत्र्याच्या बाजूबाजूने पुढे जात राहते. म्हणून नाव गाइडेड वेव्ह, वाट धरून जाणारी लहर. पत्र्यातल्या अशा लहरींचं गणित ब्रिटिश गणितज्ञ होरेस लॅम्ब यांनी 1917 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं, म्हणून यांना लॅम्ब लहरीही म्हणतात. तेव्हा विमानं लाकूड-कापडाची होती आणि या लहरी पत्र्यात पाठवायची सोयीची साधनंही नव्हती. निव्वळ कागदावरचं गणित! दोषतपासणीसाठी त्याचा विचार सुरू व्हायला पुढे काही दशकं गेली.

लॅम्बच्या गणितातून दिसलं की पत्र्यात मुख्यतः दोन प्रकारची हालचाल होऊ शकते. एका प्रकारात पत्रा श्वास घेतल्यासारखा दोन्ही बाजूंनी सारखाच फुगतो आणि आकसतो. दुसऱ्यात तो झटकलेल्या चादरीसारखा वर-खाली लहरतो. पहिली लहर वेगवान, दुसरी हळू. नेहमीच्या कार्बन फायबर पत्र्यात पहिली सेकंदाला साधारण 6 किलोमीटर जाते आणि दुसरी साधारण 1 ते दीड किलोमीटर. हवेतला आवाज सेकंदाला जेमतेम 340 मीटर जातो, त्यावरून अंदाज घ्या.

लहर निर्माण करायला पिझोइलेक्ट्रिक चकती लागते. बटणाएवढी, पत्र्यावर चिकटवलेली. वीज दिली की ती आकुंचन-प्रसरण पावते आणि पत्र्याला हलवते. उलट पत्रा हलला की तीच चकती वीज देते. म्हणजे तोंडही तीच आणि कानही तीच. हा गुणधर्म क्युरी बंधूंनी 1880 मध्ये शोधला होता. (पिएर क्युरी तेच, मेरी क्युरींचे पती.)

समजा एका पत्र्यावर अशा 12 चकत्या चिकटवल्या. एक बोलते, बाकीच्या ऐकतात. मग दुसरी बोलते. अशा 66 जोड्या होतात, म्हणजे पत्र्यावर 66 रस्ते आखले गेले. पत्रा नवा असताना प्रत्येक रस्त्यावरून लहर कशी जाते ते नोंदवून ठेवायचं. नंतर कधीही परत तेच करायचं आणि दोन नोंदींची वजाबाकी करायची. काही बदललं नसेल तर वजाबाकी शून्याच्या जवळ. बदललं असेल तर ज्या रस्त्यांवर बदल दिसतो ते नकाशावर रंगवायचे. मोबाइलच्या नकाशावर लाल झालेले रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे काहीतरी झालंय हे आपल्याला कळतं ना, तसंच.

सुटलेल्या पापुद्र्यात लहर अडकते

पापुद्रा सुटलेल्या जागी नेमकं काय होतं, हा मला या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

चादरीसारखी लहरणारी हळू लहर चालत येते. ती सुटलेल्या जागेपाशी पोचली की तिच्यासाठी एका पत्र्याचे दोन पत्रे झालेले असतात, वरचा आणि खालचा, दोन्ही मूळ पत्र्याहून पातळ. या लहरीचा वेग पत्र्याच्या जाडीवर अवलंबून असतो. पातळ पत्र्यात ती आणखी हळू होते. म्हणजे लहर दुभंगते, दोन्ही वाटांनी रेंगाळते, पलीकडच्या कडेला पोचून थोडी पुढे जाते आणि थोडी मागे फिरते. परत अलीकडच्या कडेवर आपटते. असं सुटलेल्या जागेत ती काही काळ येरझाऱ्या घालत राहते. प्रयोगशाळेत लेझरने पत्र्याच्या प्रत्येक बिंदूची थरथर मोजून त्याचा व्हिडिओ बनवतात. त्यात लहर पुढे निघून गेल्यावरही दोषाची जागा एकटीच थरथरत राहिलेली दिसते.

कोणती लहर वापरायची हेही ठरवावं लागतं. एकाच वारंवारितेला, म्हणजे सेकंदाला तेवढीच कंपनं असताना, हळू लहरीची लांबी कमी असते. दोन मिलिमीटरच्या पत्र्यात 100 किलोहर्ट्झला वेगवान लहर साधारण 6 सेंटिमीटर लांबीची, तर हळू लहर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. लहान लहरीला लहान दोष जाणवतो. पण ती लवकर दमते, फार लांब जात नाही.

आणि त्या रडरसारख्या गाभेवाल्या रचनेत उलटंच घडतं. तिथे निरोगी भागात लहरीची ऊर्जा पत्र्यातून गाभ्यात झिरपत असते. पत्रा सुटला की झिरपायला जागाच राहत नाही, त्यामुळे सिग्नल कमी होण्याऐवजी बऱ्याचदा जोरात येतो. ठोकून बघताना जो भाग बद्द वाजतो, तोच इथे जास्त मोठ्याने बोलतो.

पद्धत इतकी छान, तर मग प्रत्येक विमानात का नाही?

कारण ही पद्धत गरजेपेक्षा जास्त हळवी आहे.

वजाबाकीवर सगळा खेळ आहे म्हटलं ना? तापमान बदललं की पत्र्यातला लहरीचा वेग थोडा बदलतो, चिकटवलेल्या चकतीचं वागणंही बदलतं. 35 हजार फुटांवर बाहेरची हवा उणे 54 अंशांच्या आसपास असते, आणि नागपूरच्या विमानतळावर मे महिन्यात 45. सकाळी घेतलेली नोंद आणि दुपारी घेतलेली नोंद यांची वजाबाकी केली तर कसलाही दोष नसताना मोठा फरक येऊ शकतो. लहान पापुद्र्याने होणारा बदल त्या फरकात सहज बुडून जातो. मग वेगवेगळ्या तापमानांच्या नोंदी आधीच करून ठेवायच्या आणि सगळ्यात जुळणारी निवडायची, किंवा गणिताने एक सिग्नल ताणून दुसऱ्याशी जुळवून घ्यायचा, असे उपाय शोधले गेलेत. तापमानाशिवाय ओल आहे, ताण आहे, वर्षानुवर्षं पत्र्यावर टिकायचा गोंद आहे.

त्यात कंपोझिटचा स्वतःचा स्वभाव. लाकूड रेषेत फाडलं तर सहज फाटतं, आडवं फाटत नाही. तसं इथे तंतूंच्या दिशेने लहर जोरात पळते, आडवी गेली तर हळू. शिवाय एकाच लहरीतल्या वेगवेगळ्या वारंवारिता वेगवेगळ्या वेगाने जातात. निघताना आटोपशीर असलेली लहर पोचेपर्यंत पसरते, शर्यतीच्या शेवटी पळणाऱ्यांचा घोळका लांबत जातो तशी. म्हणून अगदी मोजक्या, साधारण पाचेक कंपनांचा छोटा पट्टा पाठवतात. आणि खऱ्या पंखात पत्रा सपाट, मोकळा कुठे असतो? बरगड्या, रिव्हेट, भोकं, जाडीतले बदल. प्रत्येक गोष्टीवरून लहर परावर्तित होते.

सगळ्यात अवघड प्रश्न तांत्रिकही नाही. यंत्राने 'दोष नाही' असं सांगितलं, तर त्यावर सही कोण करणार? विमानवाहतुकीत तपासणीची पद्धत मान्य व्हायला ठरावीक आकाराचा दोष किती खात्रीने सापडतो याचा आकडेवारीसह पुरावा लागतो. हातातल्या प्रोबसाठी दोष असलेले नमुने वेगवेगळ्या तंत्रज्ञांना तपासायला देऊन तो पुरावा गोळा करता येतो. कायमच्या चिकटवलेल्या चकत्यांचं मात्र प्रत्येक विमानात वेगळं आयुष्य असतं. एका प्रयोगशाळेत एका पत्र्यावर दोष सापडला, यावर शोधनिबंध होतो. परवानगी मिळत नाही.

तोवर विमान कंपन्या काय करतात? त्या न दिसणारी इजा आहे असं गृहीत धरूनच विमान बांधतात. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मार्गदर्शक सूचनेनुसार जेमतेम दिसेल किंवा दिसणारही नाही एवढी इजा असताना रचनेने पूर्ण डिझाइन भार पेलला पाहिजे. म्हणून तुम्ही-आम्ही निर्धास्त बसू शकतो. पण त्यासाठी पत्रा थोडा जाड ठेवावा लागतो. आपल्याला आतलं दिसत नाही, त्याचं वजन प्रत्येक उड्डाणात इंधन जाळून वाहून न्यावं लागतं. लॅम्ब लहरींवर काम करणाऱ्यांना सुरक्षेइतकीच या वजनाचीही आशा आहे.

जिथे ही पद्धत रोजच्या वापरात आली, ते क्षेत्र वेगळंच निघालं: तेल आणि रसायनांच्या पाइपलाइन. पाइपला एका जागी पट्टा बांधायचा, लहर सोडायची आणि आवरणाखालचा गंज कुठे आहे ते दोन्ही बाजूंना कित्येक मीटरपर्यंत शोधायचं. आवरण सगळीकडे सोलायची गरज नाही. हे तंत्र उभं करण्यात पुढे होते ते मगाचेच नाणं ठोकणारे, प्रा. पीटर कॉली आणि त्यांचे इम्पिरियलमधले सहकारी. पाइपला जमलं कारण तो पोलादाचा, एकसारखा, आणि शोधायचा गंजही तुलनेने मोठा.

नुसतं ऐकणं आणि विचारून ऐकणं

टायटन पाणबुडी आठवत असेल. जून 2023 मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली ती कार्बन फायबरची पाणबुडी चिरडली आणि पाच जण गेले. तिच्यात तंतू तुटल्याचे आवाज टिपणारे सेन्सर होते. पण ते फक्त ऐकत होते, स्वतः लहर पाठवत नव्हते. जुलै 2022 मधल्या एका फेरीत वर येताना मोठा आवाज झाला, नंतरच्या नोंदी बदलल्या, तरी पाणबुडी पुन्हा पाण्यात गेली. अमेरिकी तपासात ही गोष्ट ठळकपणे आली. तिची भिंत पाच इंच जाडीची होती, तिथे या लेखातली पातळ पत्र्याची युक्ती तशीच चालली नसती. इथे तिचा उल्लेख एवढ्याचसाठी की सेन्सरने सांगितलेलं कुणी मनावर घ्यावं लागतं.

विमानतळांवर सध्या काय आहे? 787साठी जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांना वापरता येईल असं हातात धरायचं छोटं अल्ट्रासाउंड यंत्र आहे. संशयाच्या जागी ते टेकवायचं, ते ठीक की नाही एवढंच सांगतं. ठीक नसेल तर विमान थांबवून तज्ज्ञाला बोलवायचं. पण संशयाची जागा आधी कळायला हवी. विमानाला रोज जेवण, सामान, इंधन घेऊन गाड्या येऊन भिडतात. त्यांना पुढे रबरी बंपर असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या प्रयोगांत दिसलं की असा मऊ, रुंद धक्का वरच्या पत्र्यावर जवळजवळ खूण न ठेवता आतल्या बरगड्या तोडू शकतो. या प्रकारच्या धक्क्यांसाठी त्याच अमेरिकी सूचनेत वेगळा वर्ग आहे, पाचवा. त्यात उपाय म्हणून जो भर दिला आहे तो कुठल्या सेन्सरवर नाही. ज्याच्या हातून धक्का लागला त्याने ताबडतोब सांगावं, यावर आहे.